दुसरं गाढव

माझे मामा बाइंडर होते. पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत आम्ही. आई परगावी नोकरीला, म्हणून मी शिकायला मामा-मामींकडे. मामांचं उभं आयुष्य पुस्तकांच्या ढिगात गेलं, पण एक पुस्तक वाचलं असेल तर शपथ! कुणी टोकलं की म्हणायचे, "वाचत बसलो तर बांधू कधी?"

हाताला मात्र तोड नव्हती. तीस वर्षांत एक पान इकडचं तिकडं झालं नाही, हे ते स्वतःच सगळ्यांना ऐकवत. शाळेच्या वाचनालयाचं सगळं काम त्यांच्याकडेच होतं.

सहावीत मला वाचनाची परीक्षा नडली. एका मुलीची आणि तिच्या लंगड्या गाढवाची छोटीशी कादंबरी नेमली होती. शाळेने प्रत्येकाला एक प्रत दिलेली. ती घरी वाचायची, मग बाई मधलंच एखादं पान वाचायला लावणार आणि याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, ते विचारणार. माझ्या वाट्याला सगळ्यात खिळखिळी प्रत आली. मामांनी ती उसवली, पुन्हा शिवली, निळा पुठ्ठा चढवला. अशी देखणी झाली की वर्गात मी ती मिरवत होते.

वाचायला लागले आणि माझं डोकंच चालेना. गाढव पुरात वाहून जातं, मुलगी रडरड रडते, आणि पान उलटावं तर तीच मुलगी बाजारात त्याला विकत घेते आहे! पाच-पाचदा वाचलं. शेवटी मनातल्या मनात दुसरं गाढव आणलं. पहिलं गेलं, हे नवीन. तेही नेमकं लंगडंच निघालं, हे तिचं नशीब. सराव चाचणीत हेच ठासून सांगितलं. वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. "शनिवारच्या परीक्षेत असंच सांगितलंस तर पुन्हा सहावीतच बसावं लागेल," एवढंच म्हणाल्या.

घरी अवाक्षर काढलं नाही. पुस्तकात काही चुकलं असेल हे मनालाही शिवलं नाही. मामांनी बांधलेलं पुस्तक ते! चूक असलीच तर माझ्या डोक्यात. वर्गातल्या सगळ्या मुली सातवीत जातील आणि मी एकटी मागे राहीन, एवढंच डोक्यात घोळत होतं.

शुक्रवारी शाळेतून आले ती दप्तर टाकून बसून राहिले.

"काय गं, तोंड का उतरलंय?" मामीने विचारलं आणि माझा बांध फुटला.

"मी ढ आहे मामी. मला काही कळत नाही."

मामा पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत होते. "काय कळत नाही ते तरी सांग."

मी सांगितलं. खळीतला हात थांबला.

"आधी वाहून गेलं? आणि मग विकत घेतलं?"

"हो. दुसरं असेल ना ते, मामा?"

हात पुसून मामांनी पुस्तक घेतलं. त्या प्रतीच्या खालच्या कडा ओल लागून कुजल्या होत्या, पानांचे आकडे गेले होते. बांधताना मामांनी शेवटच्या-पहिल्या पानांवरची अर्धी वाक्यं जुळवून सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, म्हणजे फर्मे, लावले होते. जिथे फर्म्याबरोबर प्रकरणही संपत होतं, तिथे सरळ अंदाजाने ठोकलं होतं. वाचायचा कंटाळा, दुसरं काय! आता मात्र चष्मा लावून पहिल्या पानापासून बसले, ओठ हलवत. मामीने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

जेवायच्या आधी त्यांनी सुरी घेतली आणि स्वतःची शिवण स्वतः कापली.

"चूक तुझी नाही. माझी आहे," ते म्हणाले. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि मग मी जास्तच रडले.

खळ वाळायला वेळ नव्हता. फर्मे नीट लावून त्यांनी फितीने बांधले आणि रात्री मी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून वाचली. "बाईंनी विचारलं तर सांग, मामांनी चुकीचं बांधलं होतं."

सकाळी ते माझ्याबरोबर आले आणि वर्गाबाहेरच्या बाकावर बसले. आत बाईंनी फीत सोडली आणि निळा पुठ्ठा त्यांच्या हातात सुटा आला.

"नुकतंच बांधून घेतलं होतं ना हे? कुणी फाडलं?"

बाईंच्या मागे काचेचं कपाट होतं. त्यात मामांनी बांधलेली पुस्तकं ओळीने उभी. मामांचं नाव घ्यायला माझी जीभ उचलेना.

"माझ्याकडून फाटलं, बाई."

"वाचायचं नाही ते नाही, वर पुस्तकही सांभाळता येत नाही?" बाईंनी माझ्या नावापुढे पेन्सिल टेकवली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "बाई, ते पुस्तक मी कापलं. मीच उलटंसुलटं शिवलं होतं. पोरीने दोन महिने उलटी गोष्ट वाचली. शाळेचं काम काढून घ्यायचं तर घ्या, पण तिला एकदा विचारून बघा."

बाईंनी एकदा कपाटाकडे पाहिलं. मग एक पान माझ्यापुढे केलं. मी अडखळत वाचलं.

"याच्या आधी काय झालं?"

"ती बाजारातून गाढव आणते. लंगडं आणलं म्हणून सगळे हसतात."

"आणि नंतर?"

"पूर येतो. गाढव तिला काठावर पोचवतं आणि..." मी दाराकडे पाहिलं. "स्वतः वाहून जातं."

"मग ती दुसरं आणते?"

"नाही बाई. एकच होतं."

बाई काही बोलायच्या आत दारातून मामा म्हणाले, "बरोबर."