उजव्या इंडिकेटरचे दोन अर्थ

“पुढचा दिसत नाय, मास्तर,” असं म्हणून अनंत उतेकरांनी जीप पुन्हा ट्रकच्या मागे घेतली.

महाड सोडल्यापासून आम्ही त्या एकाच ट्रकच्या मागे होतो. पोलादपूर पाच-सहा किलोमीटरवर आलं होतं आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवून वैतागल्या होत्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी महाडला एका मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर होतो. हायवे तेव्हा दोन गाड्यांपुरता रुंद, मध्ये डिव्हायडर नाही. पुढच्या गाडीला ओलांडायचं तर समोरून येणाऱ्यांच्या बाजूला जावं लागे.

उतेकर चाळिशीचे, उमरठच्या वरच्या एका वाडीतले. मुंबईत वीस वर्षं कारखान्यात पॅकिंगला होते. कारखाना बंद पडला तेव्हा गावी आले आणि एक जुनी जीप घेतली. वाडीतल्या माणसांची पोलादपूर-महाडला ने-आण करायची, असा बेत होता. हात चांगला होता. क्लच अलगद सोडायचे, चढावर गाडी इंचभर मागे जाऊ द्यायचे नाहीत. फक्त ओव्हरटेक करायचे नाहीत.

आमचा कोर्स एकवीस दिवसांचा. त्यांचा एकोणिसावा दिवस होता. बॅच लांबली की मालक मला बोलायचे. मी घाईत होतो, हे आता कबूल करतो.

तेवढ्यात ट्रकवाल्याने उजवा इंडिकेटर दिला.

“तो इंडिकेटर देतोय ना, म्हणजे पुढे मोकळं आहे,” मी सांगितलं. “तो उंचावर बसलाय, त्याला दिसतं. निघा.”

पुस्तकात उजव्या इंडिकेटरचा अर्थ एकच आहे, मी उजवीकडे वळतोय. ‘पुढे मोकळं आहे, जा’ हा दुसरा अर्थ ड्रायव्हर लोकांनी आपापसात ठरवलेला. मीही तो एका जुन्या ड्रायव्हरकडून असाच शिकलो होतो. इतकी वर्षं मला काही झालं नव्हतं, तेवढाच त्याला आधार. स्कूलच्या शिकाऊ जीपमध्ये इन्स्ट्रक्टरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवून मी बसलो. उतेकर ट्रकच्या पुढे निघाले आणि एकोणीस दिवसांत पहिल्यांदा हसले. मलाही बरं वाटलं.

त्यांना लायसन्स मिळालं. सात-आठ महिने जीप नीट चालली.

मग एका दुपारी स्कूलमध्ये कोणीतरी सांगत आलं, की पोलादपूरकडून येणारी उतेकरांची जीप ट्रकला धडकून शेतात गेली. पुढच्या सीटवर बसलेल्या पार्वतीवहिनी जागीच गेल्या. त्या उतेकरांच्या शेजारीण, दोन्ही घरांत भिंत एकच. डोळे दाखवायला महाडला निघाल्या होत्या.

मी दवाखान्यात गेलो. उतेकरांचा उजवा पाय प्लॅस्टरमध्ये होता.

“मास्तर, त्यानं उजवा दिला. मी निघालो,” ते म्हणाले. “आनि तो वळला.”

तिथे उजव्या हाताला खडीच्या क्रशरकडे जाणारा रस्ता होता. ट्रकवाल्याला खरोखरच वळायचं होतं. जाण्याआधी मी त्यांना विचारलं, की पोलिसांना माझ्याबद्दल काही सांगितलंत का. ते नाही म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज दवाखान्याच्या फाटकापाशी येईपर्यंतही वाटली नव्हती.

केस उभी राहिली. उतेकरांच्या वकिलांचं म्हणणं, हायवेवर अशी पद्धत आहे हे एखाद्या जाणत्या माणसाने कोर्टात सांगितलं तर शिक्षा कमी होईल. उतेकर माझं नाव घ्यायला तयार नव्हते, पण लायसन्सच्या कागदांवर आमच्या स्कूलचा शिक्का होता. वकील माझ्याकडे आले. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून समजावलं, की आपण पुस्तकाप्रमाणेच शिकवतो एवढंच बोल, नाहीतर उद्या इथे कोणी शिकायला येणार नाही. मी रागावलो नाही. त्यांच्या जागी मी असतो तर तेच बोललो असतो.

महाडच्या कोर्टात मी खरं ते सांगितलं. हा अर्थ उतेकरांना मीच शिकवला, असं सांगितलं. वकिलांचा चेहरा खुलला. मग मॅजिस्ट्रेट साहेबांनी स्वतः विचारलं, “ओव्हरटेक करण्याआधी समोरचा रस्ता स्वतः बघावा, हे शिकवलं होतं का?”

“पहिल्या दिवशी तोंडी सांगितलं होतं, साहेब.”

“म्हणजे आरोपीला नियम माहीत होता.”

खरं बोलून मी त्यांना वाचवायला गेलो होतो, आणि नियम माहीत असूनही त्यांनी मोडला, हेच माझ्या साक्षीतून सिद्ध झालं. उतेकरांना सहा महिन्यांची कैद झाली, लायसन्स गेलं. मला कोणी काही केलं नाही. इन्स्ट्रक्टरने चुकीचं शिकवलं म्हणून त्याच्यावर लावायचं कलम तिथे कोणाच्या डोक्यात नव्हतं. मालकांनी मात्र त्याच आठवड्यात कामावरून काढलं.

पुढे मी एक जुनी कार घेऊन स्वतःचा क्लास काढला. माझ्याकडे ओव्हरटेक शेवटी येतो. आधी पोरांना ट्रकच्या मागे गाडी ठेवून मोजायला लावतो. ट्रक चाळीसने जातोय आणि तुम्ही पन्नासने, तर त्याला पार करायला मनात बारापर्यंत मोजावं लागतं. तेवढ्यात समोरची गाडीही तितकीच जवळ आलेली असते. तेवढा रस्ता स्वतःच्या डोळ्यांना मोकळा दिसला नाही, तर मागेच राहायचं. कोर्स अडीच महिने चालतो. कंटाळून बरेच जण सोडून जातात. जवळच दुसरा क्लास आहे, तिथे गर्दी असते.

काही वर्षांनी एक पंचविशीचा माणूस आला. त्याच्या वाडीला अजून गाडी नव्हती, त्याला जीप घ्यायची होती. नाव-गाव विचारलं तेव्हा कळलं, हा पार्वतीवहिनींचा मुलगा, विलास. माझा पेन थांबला. तू माझ्याकडे कसा आलास, असं मी त्याला विचारलं.

“अनंताकाकांनी पाठवलंय,” तो म्हणाला. “बोलले, त्या मास्तरांकडंच जा. त्यांना आता ठाव हाय.”

मी त्याला शिकवलं. एकदा चिडून तो म्हणाला, की बाकीचे एवढ्या दिवसांत लायसन्स घेऊन मोकळे झाले. मी त्याला पुन्हा ट्रकच्या मागे मोजायला लावलं. त्याची जीप उमरठच्या रस्त्याला चालते. उतेकर तिच्यात बसत नाहीत, लंगडत चालत उमरठला उतरतात आणि तिथून एसटी धरतात, असं विलास सांगतो.

मला शिकवायची परवानगी मिळाली ती गाडी चालवता येते म्हणून. शिकवता येत होतं का, हे तेव्हा कोणी तपासलं नाही, मीसुद्धा नाही.