विंगेतली माझी खुर्ची

परवाचीच गोष्ट. आता आमच्या हैदराबादेत परवा म्हणजे गेल्या पाच-सहा वर्षांतला कुठलाही दिवस, हे बाहेरच्यांनी लक्षात ठेवावं.

आमच्या मराठी नाट्यमंडळात पूर्वी वर्षाला एक नाटक व्हायचं, गणपतीत. ते झालं की उरलेले अकरा महिने आम्ही त्याच नाटकावरून भांडायचो आणि सगळे सुखी होते. मग पुण्या-मुंबईची आयटीतली मुलं मंडळात आली आणि त्यांनी ‘सीझन’ आणला. सीझन म्हणजे हिवाळ्यात ओळीने तीन नाटकं. भांडायलासुद्धा फुरसत नाही.

मी मंडळाची प्रॉम्प्टर. कोठीजवळच्या शाळेत मराठी शिकवलं आणि पस्तीस वर्षं डाव्या विंगेत लाकडी खुर्चीवर बसून लोकांना त्यांचीच वाक्यं पुरवली. स्टेजवर एकदाही पाऊल टाकलं नाही. माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जातो अशी तक्रार आहे. प्रॉम्प्ट करताना मी तोंड इतकं वेडंवाकडं करते की माझ्याकडे बघितलं तर नाटक बघायची गरज नाही, असंही म्हणतात. म्हणोत बापडे.

तालीम गौलीगुड्याच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी तीनला. जुनी मंडळी चारला येतात. मुलं साडेतीनला येतात आणि ‘ट्रॅफिक होतं’ म्हणतात. येतात मेट्रोने. मी काही विचारत नाही.

त्या सीझनचं तिसरं नाटक आमच्याच एका निवृत्त सभासदाने लिहिलेलं. एक म्हातारा न्यायाधीश आयुष्यभर मनात ठेवलेली चूक शेवटी नातीपाशी कबूल करतो, एवढीच गोष्ट. न्यायाधीश म्हणजे अर्थातच आमचे वकीलसाहेब. वय अठ्ठ्याहत्तर. कोर्टात इंग्रजी, अशिलांशी उर्दू आणि बायकोशी मराठी, असा त्यांचा कारभार. पैकी बायकोकडचा खटला ते अजून हरतायत. मंडळाच्या प्रत्येक नाटकात मुख्य काम त्यांचंच. ऐकायचं यंत्र मुलाने आणून दिलंय, ते कोटाच्या खिशात असतं. ‘बॅटरी वाचते’ म्हणतात.

पहिल्याच वाचनाला घोटाळा झाला. मुलांना मराठी वाचताच येईना. बोलतात फडाफडा, पण कागद हातात दिला की एकेक अक्षर लावत बसतात. नातीचं काम करणारी मुलगी मुंबईची, हुशार, चटपटीत. पहिलं पान संपवायला तिला वीस मिनिटं लागली. दिग्दर्शक पुण्याचा, तरी तीच तऱ्हा. शेवटी तो म्हणाला, “मावशी, तुम्ही अख्खं नाटक वाचून फोनवर पाठवा ना. आम्ही जाता-येता ऐकून पाठ करू.”

“फोनवर नाटक?” वकीलसाहेब उसळले. “उद्या जेवणसुद्धा फोनवर कराल. मला नक्को. मी माझ्या कागदावरून पाठ करेन.”

आमचं घर रस्त्यावर. दिवसभर बसचे हॉर्न. त्यातल्या त्यात शांतता स्वयंपाकघरात, म्हणून ओट्याशी उभी राहून मी चार दिवस सगळ्यांची सगळी वाक्यं वाचली आणि दिली पाठवून.

दोन रविवारांनी हातात कागद न घेता तालीम. नात आजोबांना आईची आठवण सांगते आहे, डोळ्यांत पाणी, आवाज भरून आलेला. आणि एकदम, “अगं बाई, दूध!” म्हणून ती दोन पावलं पळाली, थबकली, परत आली आणि पुढचं वाक्य तितक्याच हळवेपणाने बोलली.

दिग्दर्शकाने टाळी वाजवली. “हाच तो क्षण!” तो मला समजावून सांगू लागला. “दुःख असह्य झालं की माणूस घरकामात पळ काढतो. मावशी, आम्ही यावर दोन तास चर्चा केली.”

“अरे बाबा,” मी म्हटलं, “ते माझं दूध होतं. उतू गेलं.”

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. त्या पोरीने तोंड लपवलं. लेखक मात्र जरा फुगलेच, कारण त्यांच्या सबंध नाटकात आवडलेली जागा तेवढी एकच निघाली. दूध काढून टाकलं.

पण खरी पंचाईत पुढे होती. वकीलसाहेब अडखळू लागले. पूर्वीही अडखळायचे, नाही असं नाही. वाक्य अडलं की गळ्याची गुंडी चाचपत डावीकडे वळायचे, मी शब्द द्यायची, गाडी पुढे. प्रेक्षकांना वाटायचं काय विचारात पडलेत! पण या वेळी गुंडी चाचपत नुसते उभे राहत. मी सांगत होते, ओरडून सांगत होते, बाहेर पानवाल्यालाही ऐकू जात असेल. ह्यांना पत्ता नाही. त्यात दिग्दर्शकाचा सेट आधुनिक. विंगा रद्द, सगळं मोकळं, भोवती एक काळा पडदा आणि डावीकडे पडद्यामागे टॉर्च घेऊन मी. इतकी वर्षं नाटकाला टेकून बसलेली माझी खुर्ची कोपऱ्यात चपला ठेवायला गेली होती. राग आला होता मला, पण म्हातारपणी फार कुरकुर केली की मुलं प्रेमाने बोलायला लागतात, म्हणून गप्प बसले.

शेवटच्या तालमीला न्यायाधीशाच्या कबुलीत तर ते तीनदा थांबले. दिग्दर्शकाने मला बाजूला घेतलं. वाईट नव्हता तो, अवघडून बोलत होता. “मावशी, काकांचा सत्कार करू या का? सुरुवातीला, शाल-नारळ देऊन. काम मी करतो. मला पाठ आहे.”

“शाल तुझ्या खांद्यावर टाक,” मी म्हटलं. “मी आहे ना पडद्यामागे.”

आमच्याकडे शाल म्हणजे काय ते मुलांना ठाऊक नाही. शाल अंगावर पडली की माणूस स्टेजवरून उतरतो तो कायमचा पहिल्या रांगेत बसतो. वकीलसाहेबांनी स्वतः किती जणांना त्या पांघरवल्यात. “काय वाट्टेल ते करा बाई, पण मला त्या रांगेत बसवू नका,” असं ते मला एकदा म्हणाले होते. मी तावातावाने बोलून तर आले, पण खरं सांगते, माझाही विश्वास उडाला होता. मला वाटलं, संपलं ह्यांचं.

प्रयोग नामपल्लीच्या बाजूला होता आणि दिवस नुमाइशचे. प्रदर्शनाच्या गर्दीतून वाट काढत अर्धे प्रेक्षक पहिल्या प्रवेशानंतर आले आणि स्थिरस्थावर होईपर्यंत दुसरा संपला. वकीलसाहेब फर्मास चालले होते. मी पडद्यामागे देव पाण्यात घालून बसले होते.

कबुली आली. “त्या दिवशी मी जो निकाल दिला,” एवढं म्हणाले आणि थांबले. हात गुंडीवर गेला. मान डावीकडे वळली. मी शब्द दिला. पुन्हा दिला. मग चांगला खणखणीत दिला. प्रेक्षकांतल्या एका बाईंनी मदत म्हणून तो मोठ्याने परत म्हटला. ह्यांना काहीच नाही. खुर्च्या वाजू लागल्या, कोणी तरी फिसकन हसलं.

“अगं बाई, दूध!”

पोरगी उठून आत धावली. प्रेक्षक शांत. ती पेला घेऊन आली, त्यात साधं पाणी होतं, प्रेक्षकांकडे पाठ करून ती आजोबांच्या पुढ्यात गुडघ्यावर बसली आणि पेला त्यांच्या हातात देता देता काही तरी पुटपुटली. तिला त्यांची वाक्यं पाठ होती. सगळ्यांचीच होती, एकाच आवाजात एकामागून एक ऐकलेली. वकीलसाहेबांनी एक घोट घेतला आणि सुरू झाले. पाच मिनिटं, एकही शब्द न चुकता. शेवटी सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज येत होते.

प्रयोगानंतर जो तो दुधाबद्दल बोलत होता. ‘काय सुचलंय हो तुम्हाला!’ लेखक दारात उभे राहून, मान खाली घालून, नम्रपणे सगळं स्वीकारत होते.

वकीलसाहेब रंगपटात आरशासमोर एकटेच बसले होते. मला वाटलं, पोरीने सांभाळून घ्यावं लागलं हे मनाला लागलं असणार. मी म्हटलं, “झकास झालं.”

त्यांनी खिशातून यंत्र काढून कानात घातलं. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

“बाई,” ते म्हणाले, “ती पोरगी काय पुटपुटली, एक अक्षर ऐकू आलं नाही.”

“मग आठवलं कसं?”

“ओठ दिसले तिचे. अगदी तुमच्यासारखं तोंड वेडंवाकडं करते. कुठे शिकली कोण जाणे.” ते आरशातूनच माझ्याकडे बघत होते. “दहा वर्षं झाली, तुमचा शब्द मला ऐकू येत नाही. मी विंगेत बघून बोलतो. या खेपेला तुम्ही दिसतच नव्हता. वळायचो, तिथे काळं फडकं.”

“अहो, मग सांगायचं नाही का?”

“काय सांगू? बहिरा झालो म्हणून सांगू? लगेच शाल आणली असती तुम्ही लोकांनी.”

शालीचा विषय निघाला होता तो दिवस आठवला, आणि मनातल्या मनात ती मीही ह्यांच्या अंगावर टाकून मोकळी झाले होते, हेही आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळे पुसले आणि तिथूनच दिग्दर्शकाला हाक मारली.

“पुढच्या सीझनला डावी विंग पाहिजे,” मी म्हटलं, “आणि माझ्या खुर्चीवरच्या चपला उचल.”

“मावशी, आजकालच्या सेटमध्ये विंग नसते,” तो म्हणाला.

“काकांचं काम असलं की असते.”