प्लॅटिनमची तार

घरातला फोन वाजला की मला धडकी भरते, कारण पलीकडे बहुतेक इंग्रजीच असतं. त्या दिवशी भाऊजींच्या लॅबमधली मार्गारेट होती. एरवी भरभर बोलणारी बाई एकेक शब्द सुटा करून बोलत होती... तेव्हाच मला कळलं. भाऊजी लॅबच्या जिन्यात कोसळले होते. दवाखान्यात नेईपर्यंत गेलेच. त्याला आता महिना होत आला.

आमचे हे गेल्यावर लंडनमधलं एजवेअरचं घर सोडून मी एडिनबराला या धाकट्या दिरांकडे आले. त्यांनी लग्न केलं नव्हतं. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या सेलवर ते काम करत. त्या सेलला आत प्लॅटिनम लागतं आणि ते इतकं महाग, की साध्या माणसाच्या गाडीत तो बसायचाच नाही. भाऊजी तेच काम लोखंड आणि काजळीकडून करून घेऊ बघत होते.

"प्लॅटिनमचं काम काजळीवर भागवताय? कंजूष आहात अगदी," मी चिडवायचे.

"तुमच्याच हाताखाली वाढलोय, वहिनी."

गेल्या हिवाळ्यात रिझल्ट फार चांगला आला. मी शिरा केला. कॉन्फरन्समध्ये ते सांगणार होते. आणि मग एका संध्याकाळी ते कोट न काढताच बसून राहिले... चाचणीच्या भांड्यात दुसऱ्या टोकाला, विजेचा फेरा पुरा करायला, प्लॅटिनमची तार होती. ती ॲसिडमध्ये किंचित विरघळून लोखंडावर जाऊन बसली असेल, अशी शंका त्यांना आली होती.

"म्हणजे काम लोखंडानं केलं की तारेनं, सांगता येत नाही."

"कुणाच्या लक्षात आलंय का?"

"माझ्या आलंय ना, वहिनी."

त्यांनी भाषण रद्द केलं. तारेच्या जागी कार्बनची कांडी लावून सगळं पहिल्यापासून सुरू केलं. जेवताना छाती चोळायचे. डॉक्टरांकडे जा म्हटलं की म्हणायचे, "एवढं कळू दे, मग जातो जीपीकडे." मी रोज सांगायचे, ते रोज हो म्हणायचे.

परवा मार्गारेट त्यांचा चष्मा घेऊन आली. मी धीर करून विचारलं, "आयर्न... गुड?" तिनं चष्मा माझ्या हातात दिला. मग सावकाश म्हणाली, त्यांची राहिलेली चाचणी पुरी झाली, करंट पहिल्यापेक्षा बराच कमी आलाय, पण आलाय तो लोखंडाचाच.

ती गेल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले. रेडिएटरवर त्यांचे मोजे अजून वाळत घातलेले आहेत... कडक झालेत, पण मी काढत नाही. मी मोठ्याने म्हणाले, "भाऊजी, करंट आलाय. लोखंडाचाच आहे."

कमी आलाय, हे सांगायला मात्र तोंड उघडेना. तेवढं अजून राहिलंय. त्यांच्या खोलीच्या दाराशी जाते आणि परत येते.