वार उलटून बघणाऱ्या बाई

बाळ रडलं की आम्ही सगळ्या बाळाकडे धावायचो. आमच्या डॉक्टरबाई मात्र ट्रे घेऊन खिडकीकडे जायच्या. ट्रेमध्ये बाळामागून नुकतीच पडलेली वार. ती उजेडात उलटायच्या, बोटांनी दाबून बघायच्या. फणसाचे गरे निवडावेत तसं सावकाश चाललेलं असे. मी तिथली नर्स, मी वैतागायचे. "बाई, द्या ना आता ती!" त्यावर ठरलेलं उत्तर, "थांब गो. नऊ म्हयने राबली ती. वायच बघूक नको तिका?"

द्यायची म्हणजे घरच्यांना. आमच्या मालवणकडे वार घरी नेऊन पुरतात आणि वर माडाचं रोप लावतात. दाराशी कुणाची तरी सासू मडकं घेऊन उभीच असायची. तुमच्यापैकी कुणी तेव्हा आमच्या दवाखान्यात आलं असेल तर ते मडकं नक्की आठवेल.

बाईंची दुसरी खोड म्हणजे, ठाऊक नसलेलं सरळ कबूल करायचं, तेही पेशंटसमोर! "ह्या माका ठावक नाय," असं डॉक्टरनं म्हणायचं असतं का हो? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवंती आली तेव्हा तर मी कपाळालाच हात लावला. बंदरावर मासे विकणारी पोर, पाय सुजलेले, बीपी भलतंच चढलेलं. आधीचं मूल पोटातच गेलं होतं आणि सासूने त्याचं खापर गोळ्यांवर फोडलं होतं. म्हणून आम्ही दिलेल्या गोळ्या ही बया पदराला बांधून न्यायची आणि बंदरावर समुद्रात सोडायची. बीपी काही उतरेना, तेव्हा रडत रडत तिनेच सांगून टाकलं.

"गोळी वारेत जाता ना बाई? मगे माझ्या पोराक लागतली."

'काही होत नाही गं,' असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बाई तिच्या खाटेवर बसल्या.

"जाता. वारेत जाता, वायच पोराकडेय जाता. वारेतल्या बारीक पेशींका ती काय करता, बरा की वायट, ह्या माका पुरता ठावक नाय. पण बीपी असोच चढत ऱ्हवलो तर तुका झटके येतले, वार सुकतली, पोराक काय पोचूचा नाय. ह्या माका ठावक आसा."

शेवंती डोळे पुसून म्हणाली, "तुमी खोटा सांगूक नाय. द्या गोळी." आमच्यासमोरच तिने ती गिळली. सासूने तोंड फिरवलं.

दिवस भरायच्या आधीच ती बाळंत झाली. मुलगी. एवढीशी, पण रडली खणखणीत. बाई खिडकीशी. वार लहान होती, तिच्यावर पांढुरके, कडक डाग. बाई कितीतरी वेळ त्यांवर बोट फिरवत राहिल्या. मग बाहेर जाऊन चक्क सासूपुढे हात जोडले.

"आये, हेतलो वायच तुकडो माका दे. मोठ्या कॉलेजात तपासूक धाडतंय. गोळयेन आत काय केल्यान ता कळूक होया. बाकीची तुझ्या माडाक."

म्हातारीने मडकं छातीशी धरलं. "वार तोडलास तर चेडवाचा आयुष्य तुटात मां?"

"तसा काय होऊचा नाय. ह्या माका ठावक आसा."

म्हातारीने बाईंकडे नीट बघून घेतलं. "तुमका ठावक आसा म्हणतास, मगे घेवा."

तुकडा गेला. उत्तर आलं ते मोघम. डाग आजाराचे, पण गोळीने काय केलं ते सांगता येत नाही म्हणे. बाई खळखळून हसल्या, "म्हणजे तेंकाय ठावक नाय!"

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि काही वर्षांत गेल्या. त्या दवाखान्यात मग मला करमेना.

एका मे महिन्यात शेवंती दवाखान्यात आली, लेकीचं बोट धरून. काखेत शहाळं. वारेवरच्या माडाचं पहिलं. "बाई खंय?"

मी सांगितलं. तिने काखेतलं शहाळं खाली ठेवलं. पोर आमच्या दोघींकडे टकामका बघत राहिली. मग शेवंतीने विचारलं, "त्या गोळयेचा मगे कळला काय गो बाईंका?"

हो म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण त्या मोघम उत्तरानंतर बाईंना आणखी काही कळलं का, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

"माका ठावक नाय गो," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.

शहाळं आम्ही त्या खिडकीत ठेवून फोडलं. पोरीने एकटीने संपवलं.