देणाऱ्यांचे डॉक्टर

डॉ. नरहरराव घरात आले की आधी माझे पाय बघायचे. वाकून घोट्यावर अंगठा दाबायचा, सूज नाही याची खात्री करायची आणि मगच म्हणायचं, "अक्का, आता कॉफी टाका." मी माझ्या धाकट्या भावाला, मोहनला, किडनी दिली तेव्हापासूनचा हा रिवाज. बसवनगुडीतल्या आमच्या घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण मोहनचीच विचारपूस करी. डॉक्टर म्हणत, "घेणाऱ्याभोवती सगळा गाव जमतो. देणाऱ्याचे टाके निघाले की त्याला कुणी ओळखत नाही. मी देणाऱ्यांचा डॉक्टर."

किडनी दिलेल्या माणसांचं पुढे काय होतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी त्यांनी उभं बेंगळुरू पालथं घातलं. कुणी तपासणीला आलं नाही, तर हे त्याच्या दारात हजर. बोम्मसंद्राच्या एका कारखान्याच्या फाटकाशी पाळी सुटेपर्यंत उभं राहून त्यांनी एका कामगाराचं रक्त घेतलं होतं. माणूस मोठ्या आवाजाचा आणि पक्का खवय्या. माझ्या चकल्यांत मीठ कमी म्हणून कुरकुरायचे आणि "तुमच्याच सांगण्यावरून कमी घालते" म्हटलं की हसत आणखी दोन उचलायचे.

किडनी द्यायला कुणी घाबरत असलं की मला दवाखान्यात बोलावणं यायचं. "ह्या बघा आमच्या अक्का. शाळेत शिकवतात, दिवसभर उभ्या असतात. काय झालंय त्यांना?" मीही ताठ उभी राहायची. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं.

पुढे माझ्या लघवीतून प्रथिनं जायला लागली. उरलेली किडनी थकत चालली होती. हे निदानही त्यांचंच. "स्वल्प आहे, अक्का. मी आहे ना," ते म्हणाले आणि मी निर्धास्त झाले. तेव्हापासून दवाखान्यातलं बोलावणं मात्र बंद झालं. माझ्या प्रकृतीला जपतात, असं मी समजले.

गेल्या वर्षी त्यांचा शोधनिबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. सत्कार झाला. आम्हा देणाऱ्यांना पहिल्या रांगेत बसवून एकेक प्रत दिली. बाकीच्यांनी ती कपाटात ठेवली असेल. मी पडले इंग्रजीची शिक्षिका, अक्षर न् अक्षर वाचून काढलं. ज्यांची तपासणी चालू राहिली, त्यांच्यापैकी एकाचीही किडनी बिघडली नाही, असं त्यात लिहिलं होतं. काही जणांशी संपर्क तुटला, म्हणून त्यांना धरलेलं नाही.

म्हणजे मी संपर्क तुटलेल्यांत! आदल्याच आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरात बसून चकल्या खाल्लेल्या माणसाने मला बेपत्ता करून टाकलं होतं. माझ्या अंगाची आग झाली.

"डॉक्टर, मी कधी हो हरवले?" मी तोंडावर विचारलं.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "तुमच्यासारख्या थोड्यांचं लिहिलं, तर उद्या घरची माणसं पुढे येतील का, अक्का? तिकडे डायलिसिसवर लोक मरतायत. तुमच्या उपचारात मी काही कमी केलं?"

नव्हतं केलं. नुसता लबाड माणूस असता, तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

महिनाभराने त्यांचाच फोन. "एक मुलगी आलीय, स्वल्प घाबरलीय. तुमच्याशिवाय ऐकायची नाही." इतकं होऊनही मला बोलवायला या माणसाची जीभ रेटली! मी गेले. मुलीचं नाव सायली. मूळची पुण्याची, आता के. आर. पुरमला राहणारी. तिला नवऱ्याला किडनी द्यायची होती.

"काकू, ऑनेस्टली सांगा. तुम्हाला नंतर काही प्रॉब्लेम आला नाही ना?"

डॉक्टर माझ्याकडे बघत होते.

"आला," मी म्हटलं. "उरलेली किडनी बिघडत चाललीय. सगळ्यांचं असं होत नाही, पण माझं झालं. डॉक्टरांना माहीत आहे."

सायली म्हणाली, "हे आधी माहीत असतं तर?"

"तरी दिली असती. भाऊ आहे तो माझा."

तिने डॉक्टरांकडे वळून सांगितलं, "माझ्या टेस्ट्स पुढे चालू ठेवा. पण उद्या मला काही झालं, तर ते लिहायचं."

"सरी, लिहीन," डॉक्टर पुटपुटले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

हल्ली मी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते. नरहररावांचा राग मात्र अजून जात नाही. खरं ऐकूनही माणसं आपल्या माणसासाठी पुढे येतात, एवढा विश्वास त्यांना आमच्यावर का टाकता आला नाही?