पोळ्याच्या आदल्या दिवशीचे चार खांदे

माझ्या नवऱ्याला आणि धाकट्या दिराला पंचेचाळिशीच्या आसपास एकदमच दंड कमवायचा झटका आला. नवऱ्याचा भर तुरीच्या डाळीवर आणि सोयाबीनच्या वड्यांवर, दिराचा अंड्यांवर आणि बाजाराच्या दिवशी कोंबडीवर. मी फ्रीजवर दोघांच्या खाण्याचा तक्ता लावला. पण तक्ता स्वयंपाक करत नाही. तो मलाच करावा लागे, तोही वेगळ्या भांड्यांत, कारण अंड्याची पळी डाळीत गेलेली नवऱ्याला चालत नसे.

"आपला बैल काय अंडे खाते? खांदा पाह्य त्याचा!" नवरा म्हणायचा.

"मंग तूही सरकीची ढेप खा ना दादा! वहिनी, याच्यासाठी एक टोपलं जास्त भिजवत जा."

शेवटी मीच नियम केला. घाटंजीच्या बाजाराला तूर न्यायची होती. भरलं पोतं जो एका दमात ट्रॉलीत चढवेल, त्याचंच जेवण घरात शिजेल. हरेल तो शिजवेल. दोघांनीही लगेच मान डोलावली. प्रत्येकाला दुसराच चुलीपुढे दिसत होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दोघे कमरेला दुपट्टे बांधून उतरले. पोती सगळी सारखीच भरलेली, तरी जास्त जड पोतं आपणच उचलल्याचा मान मिळावा म्हणून दोघांनी एकाच पोत्याला हात घातला.

"सोड, मी आधी धरलं!"

"मोठा हायेस म्हणून काय?"

एकाने इकडे ओढलं, दुसऱ्याने तिकडे. पोतं जागचं हललं नाही. दोघांचे खांदे मात्र लचकले.

संध्याकाळी गोठ्यात खांदशेकणी होती. सासूबाईंनी कोमट तुपात हळद कालवून पळसाच्या पानाने बैलांचे खांदे शेकले. लेक शेजारीच कण्हत बसले होते. बैलांचं आटोपताच सासूबाई तीच वाटी घेऊन इकडे वळल्या.

"काढा शर्टं."

"माय, आमी का बैल हाओ?"

"बैल शायने हायेत. एकमेकाच्या उलटे नाही वढत."

मग बैलांच्या कानात सांगतात, तेच त्यांनी लेकांच्या कानात सांगितलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

"उद्या बैलाइले सुट्टी असते," दीर आशेने म्हणाला.

"बैलांना असते, भाऊजी," मी म्हणाले. "तुम्ही दोघंही हरलात. एकाने डाळ शिजवायची, एकाने पुरण वाटायचं."

आणि पुरणयंत्र दोघांच्या मधोमध ठेवलं. त्याला खांदा लागत नाही, मनगट पुरतं.