राखून ठेवलेली चूक

वाशीच्या क्लासला रीतसर फी भरून मी या वयात प्रोग्रामिंगचं सर्टिफिकेट मिळवलं आणि बायकोनं ते कौतुकानं टीव्हीच्या वर टांगलं. पण हौशी लोकांनी मिळून बनवलेल्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधली एक बारकी चूक काही मला सुधारता येईना.

शेजारची, मूळ सारसोळे गावची इंजिनीयर मुलगी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटातली. दर रविवारी येऊन फुकट शिकवते, तेही हात पाठीमागे बांधून. माझ्या कीबोर्डला बोट म्हणून लावत नाही. मी अडलो की म्हणते, "काका, मशीन काय बोलतंय ते मोठ्यानं वाचा ना." मी वाचतो, घरचे हसतात.

एकदा वैतागून म्हटलं, "तूच कर बाई! तुला मिनिटाचं काम."

"म्हनून तर तुमच्यासाठी ठेवलंय."

नंतर गटाच्या वेबसाइटवर पाहिलं. ती चूक दुरुस्त करायला कितीतरी जण पुढे आले होते. प्रत्येकाला तिनं उत्तर दिलं होतं, "राहू द्या, आमचे काका करतायत."

काकांनी केली एकदाची. दुरुस्तीखाली नावही लागलं. त्या जोशात मी लगेच दुसरी सोपी चूक उघडली, तर ती म्हणाली, "ती नको काका. कुनीतरी नवीन येईल ना."

मी निमूटपणे हात पाठीमागे घेतले.